पालकात आयोडीन येते कोठून?

खराडीतल्या आयटी पार्कांभोवतीच्या दुकानांत ‘फोर्टिफाइड’ हा शब्द पिठापासून तेलापर्यंत दिसतो. त्यामुळे आयोडीनयुक्त पालक म्हटले की तोडलेल्या जुडीला औषध चोपडले असेल, किंवा जनुके बदलली असतील, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन्हींची गरज नसते.

जैवसमृद्धीकरण (पीक वाढत असतानाच त्यातले पोषकद्रव्य वाढवणे) शेतातच होते. पाण्यातून किंवा खतातून अत्यल्प आयोडीनक्षार दिला की मुळे तो शोषतात. शाईच्या पाण्यात ठेवलेला पांढरा निशिगंध निळसर होतो, तसे आयोडीन पाण्याबरोबर वर चढून पानांत साठते. दाण्यापर्यंत ते फारसे पोचत नाही. म्हणूनच पालेभाजीची निवड. बाजरीतले लोह वाढवण्याची वाट मात्र वेगळी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट (आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) यांचे लोहसमृद्ध ‘धनशक्ती’ वाण निवड पद्धतीने तयार झाले, तेही जनुकबदलाविना.

मोठ्या माणसाची आयोडीनची रोजची गरज सुमारे 150 मायक्रोग्रॅम. अतिरेकही थायरॉइडला (गळ्यातील ग्रंथी) मानवत नाही. भाजी उकळून पाणी फेकले, तर काही आयोडीन त्यासोबत जाते. आयोडीनयुक्त भाजी मिळाली तरी आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. साध्या सैंधवात आयोडीन नगण्य असते.