लस, काढा आणि आपले उत्तरदायित्व
भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी कोरोना लसीकरणास प्रारंभ झाला आणि ‘लसीमुळेच कोरोना होतो’ हा गैरसमजही पसरला. वस्तुतः कोव्हॅक्सिनमधील विषाणू निष्क्रिय केलेला असतो. कोव्हिशिल्डमधील वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही. लसीनंतर येणारा सौम्य ज्वर बहुधा एक-दोन दिवसांत शमतो.

‘काढा घेतो, मग लस कशाला?’ असेही रुग्ण विचारतात. लस शरीरास त्या विशिष्ट विषाणूची ओळख करून देते. काढ्याने ती होत नाही. आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजीच कोरोना-उपचाराचे दावे करणाऱ्या जाहिराती रोखण्याचे निर्देश दिले होते.

रुग्ण वैद्याच्या व औषधविक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो. तो शब्द तपासूनच उच्चारावा, हे आपले कर्तव्य होय.