लशीला ऊन नव्हे, बर्फ मारतो

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनुरात यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. मागावर राबणाऱ्या घरातली आई सहा आठवड्यांचं बाळ घेऊन लसीकरणाला येते, तेव्हा सिस्टर निळ्या पेटीतून पेंटाव्हॅलंटची बाटली काढतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा जिवाणू या पाचांविरुद्धची ही लस. बाटली हलवली की आतला द्रव दुधाळ होतो. हा दुधाळपणा ॲल्युमिनियमच्या क्षाराचा असतो. बाळाच्या अंगात प्रतिकारशक्ती चांगली उभी राहते ती या क्षाराच्या जोरावर, आणि लशीची सगळ्यात नाजूक बाजूही तोच आहे.

१९२६ साली इंग्लंडमधल्या वेलकम प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्लेनी घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषावर काम करत होते. हे प्रथिन तुरटीने साकळवून गिनीपिगला टोचलं, तर नुसत्या प्रथिनापेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडं तयार होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पंचगंगेच्या गढूळ पुराच्या पाण्यात तुरटी फिरवली की गाळ धरून खाली बसतो, तसाच हा प्रकार. आज अशा लशीत सहसा थेट तुरटी नसते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा ॲल्युमिनियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण असतात. लशीचं बळ वाढवणाऱ्या अशा द्रव्याला ॲड्जुव्हंट म्हणतात. एका मात्रेत ॲल्युमिनियम सव्वा मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

हे कण नेमकं काय करतात, यावर शंभर वर्षांनंतरही एकमत नाही. कण टोचलेल्या जागी प्रथिन साठवून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, असं ग्लेनींना वाटे. पण पुढे उंदरांमध्ये टोचलेली जागाच दोन तासांत कापून काढली, तरी प्रतिसाद तसाच आला. साठवणीची कल्पना त्यामुळे अपुरी ठरली. कणांना चिकटलेलं प्रथिन रोगप्रतिकारक पेशी सहज गिळतात आणि कण त्या पेशींना डिवचतात, एवढं मात्र पक्कं.

खरी कारागिरी आहे ती या चिकटण्यात. शरीराच्या पीएचला हायड्रॉक्साइडच्या कणांवर धन भार असतो, फॉस्फेटच्या कणांवर ऋण. घटसर्प आणि धनुर्वाताच्या प्रथिनांवर ऋण भार, म्हणून ती हायड्रॉक्साइडला घट्ट धरतात. मात्र घट्ट धरलं म्हणजे चांगलंच झालं, असं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात स्टॅनली हेम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पकड फार मजबूत झाली तर प्रतिपिंडं उलट कमी होतात. शिवाय कणाला चिकटल्यावर काही प्रथिनांची घडी सैल पडते आणि ती कमी तापमानालाच उलगडू लागतात. हिबचं दुखणं आणखी वेगळं. हायड्रॉक्साइडच्या सान्निध्यात त्याच्या शर्करेच्या साखळीचे हळूहळू तुकडे होतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या पेंटाव्हॅलंटमध्ये मात्र ॲल्युमिनियम फॉस्फेट असतं. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने सुरुवात धनुर्वाताच्या प्रतिविषाने केली होती. आज तिची न्यूमोकोकल लस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची सर्व्हाव्हॅक, दोन्ही ॲल्युमिनियमच्याच आधारावर उभ्या आहेत.

पुणे ते कबनूर अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. एवढ्या वाटेत लस उन्हाने खराब होईल, ही धास्ती सगळ्यांना असते. पोलिओच्या तोंडी लशीबाबत ती रास्तही आहे. पण ॲल्युमिनियमच्या लशी थोडी ऊब बऱ्यापैकी सोसतात; गोठणं मात्र त्यांना अजिबात सोसत नाही. शून्याच्या जरा खाली पारा गेला की पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या द्रवात क्षार दाटतात आणि कण एकमेकांवर रेटले जाऊन त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळल्यावर त्या गुठळ्या मोडत नाहीत. लशीचा जोर गेलेला असतो, आणि बाटली वरवर पाहता तशीच दिसते. बाटलीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णतेची नोंद ठेवतो. गोठण्याचं त्याला काहीच कळत नाही.

ओळखायची एक साधी रीत आहे, शेक टेस्ट. त्याच कंपनीच्या, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवायची. ती आणि संशयित बाटली दोन्ही जोराने हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या बाटलीत पांढरा गाळ भराभर तळाला बसतो आणि वर स्वच्छ पाणी उरतं. चांगली बाटली बराच वेळ दुधाळ राहते. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेल्या बाटलीइतक्याच वेगाने बसला, तर ती फेकायची. वेगळं यंत्र नको, बाटल्या हलवून ठेवल्या की अर्ध्या तासात निकाल.

इंडोनेशियात कावीळ ब लशीच्या वाहतुकीवर झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास डोळे उघडणारा आहे: पाहिलेल्या खेपांपैकी ७५ टक्के खेपांत लस वाटेत कुठे ना कुठे गोठणबिंदूखाली गेली होती. विषुववृत्तावरच्या देशात हे घडतं; उन्हाच्या भीतीने माणसं बर्फ जास्त घालतात, हे त्याचं एक कारण. आपल्याकडे आयएलआरमध्ये, म्हणजे लशी साठवायच्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रिजमध्ये, तळ सर्वांत थंड असतो, म्हणून पेंटाव्हॅलंट, कावीळ ब आणि धनुर्वात-घटसर्पाची टीडी या लशी वरच्या टोपल्यांत ठेवायच्या, असा नियम आहे. आईसपॅक फ्रीझरमधून काढले की लगेच पेटीत घालायचे नसतात. त्यांना बाहेर घाम सुटला पाहिजे, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच ते पेटीत. पण सकाळच्या घाईत, चार ठिकाणची सत्रं डोक्यावर असताना, ही अर्ध्या-पाऊण तासाची थांबण्याची वेळच कापली जाते. त्याचा दोष एकट्या सिस्टरवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. बर्फाला लशीपर्यंत थेट पोचू न देणाऱ्या नव्या पेट्या आता बनतात. त्या आधी उपकेंद्रांना मिळायला हव्यात.

वाचकांनी एवढं करावं. मेडिकलमधून धनुर्वाताची किंवा काविळीची लस घेऊन दवाखान्यात नेताना ती बर्फाच्या खड्यांत खुपसू नका. खडे आणि बाटली यांच्यामध्ये जाड कापड ठेवा. घरी ठेवायची वेळ आलीच तर फ्रीझरमध्ये तर नाहीच, फ्रीझरला चिकटूनही ठेवू नका. आणि एकदा गोठलेली बाटली वितळली म्हणून कुणालाही टोचू देऊ नका.