जुनी मर्सिडीज घेताय? आधी कागद, मग गंज, रंग सगळ्यात शेवटी

बैल घेताना आपण दात बघतो, शिंगांचा रंग नाही. जुनी जर्मन गाडी हौसेनं उभी करायची तर हाच हिशोब धरा.

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ गाडीची जोडणी १९९५ पासून पुण्यात सुरू झाली. म्हणून ती आपल्याकडे अजून विकायला दिसते. भाव कमी असतो, पण खर्च नंतर येतो.

कागद : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवा. जुळला नाही तर फुकट दिली तरी घेऊ नका.

गंज : दाराखालची पट्टी, चाकावरची कमान, जॅक लावायची जागा इथं लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते.

वायरिंग : त्या काळच्या काही पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या वायरीचं आवरण उष्णतेनं कडक होऊन गळून पडतं. मग शॉर्टसर्किटची भीती असते.

दुरुस्तीत पहिला पैसा ब्रेक, रबरी पाइप आणि टायरवर घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते बदलाच. नवे दिवे, म्युझिक सिस्टीम नंतर. इंजिन किंवा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद करून घ्या.

गाडी चमकली नाही तरी चालेल, पण उतारावर थांबलीच पाहिजे.