मंजुरीपासून हातात पैसे येईपर्यंत

एप्रिल 2025 मध्ये मुद्रा योजनेला दहा वर्षं झाली, कोट्यवधी खात्यांचे आकडे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात, 1 मे रोजी, राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या. बीड जिल्ह्यात धंद्यासाठी पैसे शोधणाऱ्या पोरासाठी मला दुसरी बातमी मोठी वाटते. योजना दिल्ली-मुंबईत जाहीर होतात. कर्ज मिळतं ते शाखेत. आणि ती शाखा आपल्यापासून दूरच जात राहिली आहे.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात सांगण्यासारखी. 1978 ला जिल्हा उद्योग केंद्रं आली, त्याच वर्षी महात्मा फुले महामंडळ, 1985 ला अण्णाभाऊ साठे महामंडळ. पण सरकारी कर्ज म्हणजे म्हैस नाहीतर शेळ्या, एवढीच खेड्याची समजूत होती.

खरी धावपळ सुरू झाली ती पंतप्रधान रोजगार योजनेने. 2 ऑक्टोबर 1993 ला ती शहरांत आली, 1994 पासून खेड्यांतही. एक लाखापर्यंत कर्ज, पंधरा टक्के अनुदान, पण जास्तीत जास्त साडेसात हजार. त्या काळात मी बीडमध्ये टायपिंग करायचो. पाटोदा, शिरूर, वडवणीकडची पोरं प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करून घ्यायला यायची. पिठाची गिरणी, वेल्डिंग, झेरॉक्स, रसवंती. पिशवीत दुकानदाराचं कोटेशन, रहिवासी दाखला आणि बेबाकीचा, म्हणजे कुठलंही कर्ज थकीत नसल्याचा, कागद. त्या कागदावर गावातल्या एकेका बँकेचा गोल शिक्का हवा. एका शाखेत साहेब रजेवर असला की पोरगं एसटीने परत.

उद्योग केंद्रातली मुलाखत पार पडली, शिफारस झाली, की पोरांना वाटायचं, झालं काम. खरा अडसर त्यानंतर. नियमाने एक लाखापर्यंत तारण मागायचं नव्हतं, तरी एका शाखेत मी टाइप केलेली फाइल घेऊन गेलेल्या मुलाला साहेबांनी सांगितलं, "नोकरदार जामीनदार आण." बाप कोरडवाहू शेतकरी, नोकरदार आणायचा कुठून? मार्च आला की उद्दिष्टापोटी भराभर मंजुऱ्या निघायच्या आणि रसवंतीचे पैसे पावसाळ्याच्या तोंडावर मिळायचे. हंगाम बुडालेला, हप्ता सुरू. मग हीच पोरं थकबाकीदार ठरली, आणि "बीडची पोरं कर्ज बुडवतात" हा शिक्का जिल्ह्यावर बसला. उशिरा पैसे देणाऱ्यांवर मात्र कुणी बोट ठेवलं नाही. याचा राग मला आजही आहे.

तरीही तेव्हाच्या शाखेत एक गोष्ट होती. स्टेट बँक ऑफ हैदराबादमधला कारकून गाव ओळखायचा, घराणं ओळखायचा, कुणाच्या हाताला कसब आहे हे जाणायचा. काही फाइली केवळ त्याच्या शब्दावर पुढे सरकल्या. 1 एप्रिल 2017 ला ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली. आता ओळख सिबिलची. आणि ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याचा सिबिल कुठून असणार?

2008 ला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला, 2019 ला मुख्यमंत्र्यांचा. अनुदान ग्रामीण महिला आणि मागास घटकांना पस्तीस टक्क्यांपर्यंत गेलं. पंतप्रधानांच्या योजनेत हे पैसे हातात येत नाहीत. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात आणि मग कर्जात वळते होतात. आधी बँकेने कर्ज द्यायला हवं, आणि पाच-दहा टक्के स्वहिस्साही हवा. तो हिस्सा ज्या बचतीतून उभा राहिला असता, ती अनेकांची बचत 2023 पासून ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत अडकून पडली.

बँकेचं हे असं, तर ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातावर ठेवतो. बेबाकी मागत नाही, वेळ चुकवत नाही. ती फेडायला नवरा-बायको सहा-सहा महिने उसाच्या फडात राबतात. बीडच्या तरुणाला वेळेवर मिळणारा पैसा आजही हाच, ही माझी सगळ्यात मोठी खंत आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांचा आढावा होतो. तिथे मंजूर प्रकरणांइतकीच परत पाठवलेली प्रकरणंही शाखानिहाय, लेखी कारणासह मांडली पाहिजेत, आणि शिफारशीपासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस गेले तेही. नवी योजना आणण्याआधी जिल्ह्यासाठी एवढं करा.