वीस शब्दांत ब्लॉकबस्टर! वेरूळच्या लेण्यांतला लॉगलाइनचा क्लास

सिनेमा अडीच तासांचा, पण प्रोड्यूसर ऐकणार अर्धा मिनिट! त्या अर्ध्या मिनिटात सांगायचं एकच वाक्य म्हणजे लॉगलाइन. हिरो कोण, त्याला काय हवंय, आडवं कोण येतंय आणि हरला तर काय जाणार? सगळं साधारण पंचवीस-तीस शब्दांत. आणि हे शिकायला हॉलिवूडला जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची गाडी पकडा!

माहीत आहे का? ‘शोले’चा तीन तासांहून मोठा पसारा सलीम-जावेद यांनी सुरुवातीला जेमतेम चार ओळींत ऐकवला होता. ठाकूर, जय-वीरू आणि गब्बर. बसंतीची बडबड नंतर आली!

आता वेरूळचा सुपरहिट. १६ क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. ते वरून खाली कोरत आणलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण का? कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात त्याची एक झकास दंतकथा आहे. राजा आजारी पडतो. राणी नवस बोलते, तो बरा झाला तर देऊळ बांधीन. राजा ठणठणीत होतो आणि राणी हट्टाला पेटते : आत्ताच्या आत्ता बांधा, कळस दिसल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही! भले भले कारागीर हात वर करतात. मग पैठणचा कोकस पुढे येतो आणि सुरुवातच शिखरापासून करतो. आठवड्यात कळस हजर, राणीचा उपास सुटला!

याची लॉगलाइन करून बघू : ‘कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण राणीने केल्यावर, तिचा जीव वाचवायला पैठणच्या एका शिल्पकाराला आठवड्याभरात डोंगरातून शिखर कोरून काढावं लागतं.’

मोजा. बरोब्बर २० शब्द! हिरो आहे, डेडलाइन आहे, जीव टांगणीला आहे. कोकसचं नाव मात्र मुद्दाम गाळलंय. नाव ऐकून अनोळखी माणसाला काही कळत नाही. ‘पैठणचा शिल्पकार’ म्हटलं की माणूस उभा राहतो. आणि तो वरून सुरुवात करतो, ही भन्नाट आयडिया? तीही झाकून ठेवली. ती ऐकायला प्रोड्यूसरने स्वतःहून विचारलं पाहिजे, ‘मग, पुढे?’

झाकण्यावरून आठवलं! ११ नंबरच्या लेण्याचं नाव ‘दोन ताल’, म्हणजे दोन मजली. माहीत आहे का, त्याला मजले आहेत तीन? एक मजला मातीखाली गाडला गेला होता, तो १८७६ मध्ये उजेडात आला. नाव मात्र दोनचंच राहिलं. ट्विस्ट असा गाडता आला पाहिजे!

आता माझा सगळ्यात लाडका सीन. कैलासाच्या दक्षिण बाजूला खाली वाका. रावण अनेक हातांनी पर्वत गदागदा हलवतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय. शंकर निवांत, पायाच्या नुसत्या दाबाने काम तमाम! मागे बघा, एक दासी पाठ फिरवून धूम पळत सुटलीय. अख्ख्या शिल्पातली सगळ्यात जिवंत बाई तीच, असं माझं ठाम मत आहे. पण लॉगलाइनमध्ये तिला जागा? नाही! ‘गर्विष्ठ राजा देवासकट पर्वत उपटायला निघतो.’ बस्स. दासी पटकथेत पळेल. लॉगलाइन लिहिताना जीव तुटतो तो अशा लाडक्या पात्रांना बाहेर ठेवताना.

आणि पूर्ण पटकथा बघायचीय? त्याच बाजूच्या भिंतीवर रामायण आडव्या पट्ट्यांत कोरलंय, सीनमागून सीन! उत्तरेकडे महाभारत. स्टोरीबोर्ड म्हणतात तो हाच की!

१५ नंबरच्या दशावतार लेण्यात नरसिंह आहे. पोट फाडतानाचा नव्हे! हिरण्यकशिपूच्या हातात अजून तलवार आहे, नरसिंहाने त्याला नुकतंच धरलंय. पुढच्या सेकंदाला काय होणार ते आपल्याला माहीत, तरी श्वास अडकतो. लॉगलाइन इथेच थांबते. शेवट सांगायचा तो सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कथेच्या सारांशात.

श्वासावरून क्विझ! ‘ऑपरेशनने नातवाचे डोळे जाणार हे कळल्यावर आजोबा त्याला डोळे भरून जग दाखवायला निघतात.’ ओळखलंत? ‘श्वास’, २००४, ऑस्करसाठी भारताची एंट्री! ‘गावात मोकाट सुटलेल्या बैलाला पकडायला फॉरेस्ट ऑफिसर येतो.’ सोप्पं, ‘वळू’, २००८. ‘घर मिळावं म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका होतात.’ हे ज्याला ओळखता येत नाही त्याने आजच ‘अशी ही बनवाबनवी’ लावावा!

बघा, तिन्हींत गंमत एकाच जागी आहे. माणूस आणि त्याचं काम यांचं जमत नाही. फॉरेस्ट ऑफिसर वाघामागे गेला तर बातमी, बैलामागे गेला तर सिनेमा!

आणि हो, संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तिथल्या मानाच्या पुरस्काराचं नाव माहीत आहे का? सुवर्ण कैलास!

तर वही घ्या आणि निघा. कैलासाच्या बाजूने डोंगरावर चढणारी वाट आहे; आधी वर जा, कोकसला दिसला असेल तसा कळस वरून बघा, मग खाली उतरा. फक्त मंगळवार सोडून. मंगळवारी लेणी बंद!