न्हाव्याची दाढी आणि खरा पेच

गावात एकच न्हावी. जे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत, त्या सगळ्यांची दाढी तो करतो आणि फक्त त्यांचीच करतो. मग त्याची दाढी कोण करतं? त्यानेच केली, तर नियमाप्रमाणे त्याने ती करायला नको. नाही केली, तर करायलाच हवी.

कोडं घालणारा इथे थांबतो आणि ऐकणारा चक्रावतो. पण असा न्हावी असतो, हे सांगितलं कुणी? अट वाचून एवढंच सिद्ध होतं की असा न्हावी असू शकत नाही. प्रश्न मिटला. याला विरोधाभास म्हणणं मला मान्य नाही.

क्रीटच्या एपिमेनिडीसचंही तसंच. स्वतः क्रीटचा असून तो म्हणे सांगायचा, क्रीटचे लोक कायम खोटंच बोलतात. हे खरं मानलं, तर तोही खोटंच बोलतोय, म्हणजे विसंगती. खोटं मानलं, तर कुणीतरी क्रीटवासी कधीतरी खरं बोलला असेल, एवढंच. कुठेही काही अडत नाही.

आता तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या कोड्याकडे वळू. जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सगळ्या संचांचा एक संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे का? घडण हुबेहूब न्हाव्याचीच, पण ‘असा संच नसतोच’ म्हणून इथे सुटका होईना. कारण कोणतीही अट सांगितली की तिचा संच होतो, यावरच तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगेने अंकगणिताचा पाया रचला होता. हा पेच सांगणारं रसेलचं १६ जून १९०२ चं पत्र पोचलं तेव्हा फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापायला गेला होता. १९०३ च्या त्या खंडाला त्याने परिशिष्ट जोडलं आणि पाया हादरल्याचं प्रांजळपणे मान्य केलं. न्हाव्यावर पाणी सोडताना कुणाचं काहीच जात नाही. इथे आयुष्यभराचं काम पणाला लागलं. पेच खरा की खोटा, हे माझ्या लेखी यावरूनच ठरतं: सुटण्यासाठी काय सोडावं लागतं?

या कसोटीवर ‘हे वाक्य खोटं आहे’ हे वाक्य घासून पाहा. खरं म्हणाल तर खोटं ठरतं, खोटं म्हणाल तर खरं. वाक्य नाहीच, असं म्हणता येत नाही. ते समोर छापलेलं आहे. वाक्याने स्वतःबद्दल बोलूच नये म्हणावं, तर ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ हे निरुपद्रवी आणि खरं वाक्यही बाद होतं. शिवाय कागदाच्या एका बाजूला ‘मागचं वाक्य खरं आहे’ आणि मागे ‘पुढचं वाक्य खोटं आहे’ असं लिहिलं, तर एकही वाक्य थेट स्वतःबद्दल बोलत नाही, तरी पेच कायम.

व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अशा वाक्यावर विचार केला आहे. माझं सगळं बोलणं खोटं, असं म्हणणाऱ्याला हेच वाक्य त्यात धरायचं नसतं, असा त्याचा रोख. तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्कीने १९३३ मध्ये भाषांची उतरंडच मांडली: एका भाषेतल्या वाक्यांचं खरंखोटं वरच्या भाषेत बोलायचं. गणिताला हे मानवतं. आपण रोज बोलतो त्या मराठीत मात्र ‘खरं’ हा शब्द एकच आहे. तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेने १९७५ मध्ये अशा वाक्यांना खरं किंवा खोटं यातलं काहीच न ठरवण्याची मुभा दिली. त्यावर ‘हे वाक्य खरं नाही’ असं लिहिलं, की पेच पुन्हा दारात हजर.

न्हावी नव्हताच. हे वाक्य मात्र आहे, आणि त्यापायी नेमकं काय सोडायचं यावर तर्कशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.