साखरेचा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत

आमच्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'साखर' असे लिहिले आहे. सहा वर्षांपूर्वी आम्हाला मधुमेह असल्याचे कळले, तेव्हा मुलाने बोटातील रक्ताच्या थेंबावर साखर मोजणारे यंत्र आणून दिले आणि सुनेने ही वही दिली. रोज सकाळी मोजायचे आणि लिहायचे, असा नेम ठरला. पहिले दोन महिने तो प्रामाणिकपणे चालला. पुढे काय झाले ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो; पण अनेक घरांत हेच घडत असावे, म्हणून सांगतो.

यंत्रावर १६८ दिसले की सून विचारी, "बाबा, काल लग्नात काय काय खाल्लं?" १९० दिसले की पत्नी आमच्यासमोरचे भाताचे पातेले उचलून नेई. मुलगा पुण्याला नोकरीला. रात्री फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "आजचा आकडा किती?" सर्वांच्या बोलण्यात मायाच होती. पण आम्हाला मात्र शाळेतले प्रगतिपुस्तक आठवू लागले. एके दिवशी यंत्रावर १९४ आले आणि आम्ही वहीत १२४ लिहिले. दुसऱ्या दिवशी न मोजताच ११८ लिहिले. चार महिने वही अगदी गुणी मुलासारखी वागली.

मग डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी करायला सांगितली. ती आली ९.४. बाईंनी एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात वही धरली व शांतपणे म्हणाल्या, "काका, हे आकडे मला खूश करायला लिहायचे नव्हते. यावरून मी तुमची गोळी ठरवते. वही चांगली दिसली म्हणून मी औषध वाढवलं नाही." त्याच चार महिन्यांत आमच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. खोटे आम्ही वहीत लिहिले, हिशेब मात्र पायांनी भरला.

त्या दिवसापासून आम्ही आकडा वाचायला नव्याने शिकलो. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

आकडा एकटा बोलत नाही

यंत्रावर १६० आले म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १६० मिलिग्रॅम साखर आहे, एवढेच. ते चांगले की वाईट, हे केव्हा मोजले त्यावर ठरते. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी १६० असेल तर बहुतेक मधुमेहींसाठी ते ठीक आहे. सकाळी उपाशीपोटी रोज १६० येत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे. सर्वसाधारणपणे प्रौढ मधुमेहींसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट धरले जाते. वृद्ध, एकटी राहणारी किंवा हृदयविकार असलेली माणसे यांच्यासाठी डॉक्टर ही मर्यादा थोडी सैल ठेवतात आणि गरोदर भगिनींसाठी अधिक कडक. तेव्हा शेजाऱ्याचे उद्दिष्ट आपले समजू नये.

दुसरे असे की, यंत्रही माणसासारखेच थोडे चुकते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात शेकडा १५ पर्यंतचा फरक चालवून घेतात. म्हणजे प्रयोगशाळेत १६० असेल तर यंत्र १३६ पासून १८४ पर्यंत काहीही दाखवू शकते. काल १५२ आणि आज १६४ आले म्हणून घरात पंचायत बसवण्याचे कारण नाही.

काही चुका मात्र आपल्या हातच्या असतात. संत्रे सोलून तसेच बोट टोचले तर आकडा उगाच फुगतो. साबणाने हात धुऊन ते कोरडे करावेत. टोचताना बोटाच्या टोकाची मधली बाजू सोडून कडेला टोचावे, दुखते कमी. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावावे आणि मुदत पाहावी. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात तर डबी आणि यंत्र खिडकीपाशी किंवा स्कूटरच्या डिकीत मुळीच ठेवू नये. उष्णतेने पट्ट्या खराब होतात.

रात्री काही खाल्ले नाही, मग सकाळी साखर का?

हा प्रश्न आम्ही स्वतः तावातावाने विचारला होता. रात्री एक भाकरी खाल्ली, तरी सकाळी १७०! त्याचे उत्तर आपल्या यकृतात आहे. पहाटे शरीर जागे होण्याची तयारी करते, काही संप्रेरके वाढतात आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. निरोगी माणसाचे इन्सुलिन ती आवरते. आपले कमी पडते. म्हणजे सकाळचा प्रत्येक वाढलेला आकडा हा चोरून खाल्ल्याचा पुरावा नसतो. ताप, जागरण, काळजी, दाताचा ठणका आणि स्टेरॉइडची औषधे यांनीही साखर वाढते. घरच्यांनी हे एवढे जरी ध्यानात घेतले तरी निम्मी भांडणे मिटतील.

जोडीने मोजावे

बाईंनी आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती सांगितली. जेवणापूर्वी एकदा मोजावे आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जेवणाचा जबाब.

आम्ही समजत होतो की ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते. तीन भाकरी आणि पिठले खाऊन मोजले, तर १२८ वरून २१६ झाले. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी, जास्त भाजी, वरण आणि काकडी खाल्ली व जेवणानंतर पंधरा मिनिटे वस्तीत फेरी मारली. १३१ चे १७४ झाले. भाकरी तीच, पण प्रमाण आणि पाय बदलले. तर्री पोह्यांचा जबाबही आम्ही असाच घेतला. आता पोहे अर्धी बशी घेतो आणि त्यावर चणे जास्त घालतो. कोणाच्या ताटाला कोणते अन्न मानवते, हे असे ज्याचे त्यालाच कळते.

पट्टी विकत घ्यावी लागते, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्यांना आठवड्याला दोनच पट्ट्या परवडतात, त्यांनी त्या दोन सकाळी खर्च करण्याऐवजी एका जेवणाची जोडी मोजावी. या आठवड्यात दुपारचे जेवण, पुढच्या आठवड्यात रात्रीचे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र किती वेळा मोजायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. तिथे काटकसर नको.

कमी आकडा अधिक घातकी

वाढलेल्या आकड्याची धास्ती सर्वांना असते. खरा तातडीचा धोका पुष्कळदा कमी आकड्याचा असतो. आमच्या शेजारच्या एका ताईंनी रात्रीची गोळी घेतली आणि डोके दुखते म्हणून न जेवता झोपल्या. पहाटे अंग घामाने भिजलेले, हात थरथरत आणि बोलणे असंबद्ध. मुलाला वाटले, आई स्वप्नात बडबडते आहे. मोजले तर ५२!

७० च्या खाली आकडा आला की वाट पाहू नये. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून ताबडतोब प्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजून कमी असेल तर पुन्हा घ्यावे आणि मग काहीतरी खावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असलेल्यांनी साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावे, कारण ती गोळी साध्या साखरेचे पचन लांबवते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. थेट दवाखाना गाठावा. आणि आकडा ३०० च्या वर राहून उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तीन महिन्यांचा कागद

ज्या तपासणीने आमचे पितळ उघडे पडले, तिला एचबीएवनसी म्हणतात. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी तीत कळते. ७ म्हणजे सरासरी सुमारे १५४, ८ म्हणजे सुमारे १८३, ९ म्हणजे सुमारे २१२. बहुतेकांसाठी ७ च्या आसपास राहणे हे उद्दिष्ट असते.

इथे विदर्भातील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सिकलसेल आपल्या समाजात अनेक घरांत आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे ही सरासरी खोटीच कमी दिसू शकते. उलट लोहाच्या कमतरतेने ती फुगलेली दिसू शकते. म्हणून घरात सिकलसेल असेल किंवा रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. अशा माणसाला बोटाचा रोजचा आकडाच अधिक खरा सोबती ठरतो.

लपवण्यासारखे काय आहे?

मधुमेह म्हणजे आपले काहीतरी चुकले, ही लाज पुष्कळांच्या मनात असते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली त्यांचा विवाह झाला तेव्हा ते आजारीच होते, आणि स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी पुढे त्यांचे औषध आणि पथ्य सांभाळले. त्या काळी घरी बोट टोचून आकडा पाहण्याची सोय नव्हती. लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात तापवायची आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी झाला ते पाहायचे. तेही उशिराचे उत्तर. कारण रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. आज तोच जबाब पाच-दहा सेकंदांत आपल्या तळहातावर मिळतो. तो मिळवून खोटा लिहायचा, यापरते दुर्दैव कोणते?

घरच्यांना आमची एकच विनंती आहे. आकडा पाहून "काय खाल्लं?" असे विचारण्याऐवजी "बरं वाटतंय ना?" असे विचारा. जिथे खऱ्या आकड्याला बोलणी बसतात, तिथे खोटा आकडा जन्म घेतो.

आमच्या वहीत आता तीन रकाने आहेत: वेळ, आकडा आणि त्या आधी काय घडले. परवाची नोंद अशी आहे: 'सकाळी ६.३०, १७८, भाचीचे लग्न, दोन पुऱ्या व जिलेबी, झोप चार तास.' सुनेने ती वाचली, हसली आणि म्हणाली, "बाबा, आज संध्याकाळी फिरायला मीही येते." पायांच्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत, पण शेवटची सरासरी ७.३ आली. आणि ती आमच्या वहीशी जुळली.